बिननारळाचे देव

टेम्पोत सगळं चढलं होतं. घराचे पत्रे, खाट, माशाची जाळी, आईचं जातं, पाटीखाली झाकलेल्या कोंबड्या, मागच्या फाळक्याला बांधलेल्या शेळ्या. ड्रायव्हर केंदूरचा होता. त्यानं अशी बरीच बिऱ्हाडं हलवली असावीत, कारण रीत त्याला ठाऊक होती. केबिनमधली पुढची सीट त्यानं फडक्यानं पुसली आणि हाक मारली.

"आबा, देव कुठाय तुमचा? आधी देव बसवायचा असतोय फुडं. तुम्ही तर समदं सामान लावून मोकळं झालाय."

आबा, म्हणजे माझे वडील, निंबाखाली उभे होते, देवाकडं पाठ करून. निंबाच्या बुंध्याशी आमचा वाघोबा. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर खाऊन फुगलेला दगड. आबा म्हणाले, "देव येत न्हाई."

"म्हंजी? रुसला का काय?"

"त्यो न्हाई रुसला. मीच न्हेत न्हाई."

ड्रायव्हर हसायला गेला, आबांचं तोंड बघितलं आणि फडकं खांद्यावर टाकून बाजूला झाला. त्या पुसलेल्या सीटवर मग माझी आई बसली, मांडीवर छबीला घेऊन. छबी म्हणजे माझ्या भावाची मुलगी. नुकती बसायला लागली होती. तिची आई टेम्पोत नव्हती. ती का नव्हती आणि देव का नव्हता, याचं उत्तर एकच आहे. तेच सांगायला मी बसलेय.

तुमच्यातले जे अजून माळाच्या कडेला, तारेपासून जरा सरकून राहिलात, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आणि जे माझ्यासारखे एमआयडीसीत, गुऱ्हाळावर, वीटभट्टीवर, दौंडच्या स्टेशनामागं पांगलात, त्यांच्यासाठीही. मी सुमन. आम्ही भिल्ल. आमच्या वस्तीतली मी पहिली बीएस्सी, आणि हे मी ताठ मानेनं सांगते. शिरूरच्या कॉलेजात पहिल्या दिवशी लॅबमध्ये शेजारच्या मुलीनं तिची पर्स माझ्या बाजूनं उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली होती. शेवटच्या वर्षी तीच माझ्या नोट्स मागायला आली. मी दिल्या. पर्सची आठवण मात्र करून दिली.

आज मी एका कंपनीत क्वालिटीला आहे. शिफ्ट, बॅच, सॅम्पल, रिजेक्शन, असल्या शब्दांत माझा दिवस जातो. तिथं एखादी मशीन जोरात आपटली की सगळे दचकतात, मी दचकत नाही. मी तोंड उघडते. का ते पुढं येईल.

आमची वस्ती माळावर होती. नकाशात तिचं नाव कधी नव्हतंच. फौजेची, तोफांच्या सरावाची, रेंज नकाशात होती. माझा पणजा त्या माळावर ससे धरायचा तेव्हा तिथं तार नव्हती, खांब नव्हता. पण आमच्याकडं सातबारा नव्हता, म्हणून नंतर आलेली रेंज कायदेशीर आणि आधीपासून असलेले आम्ही अतिक्रमण. हद्दीचे पांढरे दगड त्यांनी आमच्या तळ्याच्या अलीकडं नाही, पलीकडं रोवले होते, म्हणजे तळं आमच्या बाजूला होतं. एवढी एक गोष्ट त्यांनीच मान्य केलेली होती. ती लक्षात ठेवा.

टेकडीवर लाल बावटा चढला की भाकरी बांधायच्या, म्हाताऱ्यांना उठवायचं, शेळ्या सोडायच्या आणि रस्त्यापलीकडच्या बाभळीत जाऊन बसायचं. पहिला गोळा सुटला की धक्का आधी छातीत बसायचा, मग कानात. गाभण शेळ्या गाभ टाकायच्या. घरात उतरंड कोसळायची. झोळीतली पोरं रडायचीसुद्धा नाहीत, नुसती थरथरायची. आबा सगळ्यांवरून नजर फिरवत ओरडायचे, "त्वांड उघडं ठिवा! दात दाबलं की कान फाटत्यात." मग सबंध वस्ती बाभळीच्या सावलीला आ वासून बसायची. म्हातारे, बायका, पोरं, सगळी. रस्त्यानं जाणारे मोटारसायकलवाले आमच्याकडं बघून हसायचे. एकदा एकानं विचारलं, "काय, पाऊस पिताय का?" माझ्या चुलत्यानं त्याला तोंड न मिटता शिवी दिली होती.

त्या चुलत्याला उजवा पंजा नव्हता. माळावर पडलेलं पितळ उचलायला गेला आणि पंजा तिथंच राहिला. होय, आमची माणसं भंगार वेचायची. मी खोटं बोलणार नाही. रब्बीत ज्वारी राखायची, बाकीच्या दिवसांत मासे धरायचे आणि मासे मिळेनात तेव्हा लोखंड वेचायचं. पण एक हिशेब मला अजून कुणी समजावून सांगितला नाही. ते लोखंड आमच्या रानात पडलं की सरकारचं, म्हणजे उचललं तर चोरी. आणि तेच लोखंड फुटून माणूस मेलं की आमचं, म्हणजे आम्हीच कुठून तरी आणलेलं.

सगळे गोळे फुटत नसत. जो न फुटता मातीत रुतून बसायचा त्याला आबा 'झोपलेला' म्हणायचे. रेंजवर जाऊन सांगितलं तर कधी ते लोक यायचे, कधी नाही. त्यांनी लावलेली झेंडी गुराखी पोरं उपटून न्यायची. आबांनी भोवती काटे टाकून बघितले, बायकांनी ते चुलीला आणले. शेवटी आबांना सुचलं ते असं, की झोपलेल्याच्या डोक्याशी एक उभा दगड रोवायचा आणि त्याला शेंदूर फासायचा. शेंदराला कुणी लाथ मारत नाही. त्याच्यावर कुणी बसत नाही, त्याच्या आजूबाजूचं कुणी खणत नाही, आणि लांबचे मेंढके आले तरी हात जोडून बाजूनं जातात. आबांनी माळावर असे कितीतरी दगड उभे केले. वस्तीत आम्ही त्यांना बिननारळाचे देव म्हणायचो. त्यांना नारळ नाही, उदबत्ती नाही, जवळही जायचं नाही. पोराला चालता यायला लागलं की आई त्याला बखोटीला धरून लांबून दाखवायची: ह्यो नारळाचा देव, त्यो बिननारळाचा.

त्या देवांनी माणसं वाचवली. आबांचा मला तेव्हा फार अभिमान होता आणि आजही आहे. पुढं जे झालं ते वाचताना हे विसरू नका.

तळ्याचं मात्र आबांना काही करता आलं नाही. रेंजमधल्या खड्ड्यांतलं पाणी ओढ्यातून तळ्यात उतरायचं. काठाला पिवळट फेस धरायचा. आधी मासे उलटे तरंगायला लागले, मग जे जिवंत सापडायचे त्यांना जळक्या वायरीचा वास यायला लागला. मांडवगण फराट्याच्या बाजारात आईची गिऱ्हाइकं मासा हुंगून परत टाकायची. "मावशे, ह्याला काय इंजिनात धुतलं का?" आम्ही मासे विकायचे सोडले, पण पाणी प्यायचं कसं सोडणार? टँकर यायचा तो पलीकडच्या बंगल्यांपर्यंत. पोरांच्या मांड्यांना चट्टे उठायचे, फुटायचे, पाणी गळायचं. मी कॉलेजात असताना तळ्याच्या पाण्याची बाटली भरून सरकारी ऑफिसात नेऊन दिली होती. साहेबांनी ती खिडकीत ठेवली. पुढच्या खेपेला गेले तर बाटलीत मनी प्लँट लावलेला.

माझ्या भावाचं, संपतदादाचं, लग्न झालं ते राहूकडच्या मुलीशी. कौसल्या तिचं नाव. तिचे वडील गुऱ्हाळावर कामाला, त्यामुळं ती ऊस आणि गुळाच्या वासात वाढलेली. आमचा उघडा माळ बघून पहिल्या दिवशी म्हणाली, "वन्सं, हितं सावली कुठं ठिवलीया तुम्ही?" हसरी होती. आबांपुढं पदर घ्यायची आणि पदराआडून त्यांच्या खोड्या काढायची. आईनं तिलाही माळावरचे देव लांबून दाखवले होते, पोरांना दाखवतात तसेच. तिला ते पाठ होते.

मग ती बाळंतपणाला माहेरी गेली. ती तिकडं असताना इकडं एक गोळा भरकटून तळ्याच्या वाटेवर पडला आणि तसाच रुतला. आबांनी रेंजवर सांगितलं. कुणी आलं नाही. आबांनी दगड रोवला, शेंदूर फासला. वस्तीतल्या सगळ्यांनी बघितलं, सगळ्यांना समजलं. नव्यानं सांगण्यासारखं कुणालाच काही उरलं नाही.

वहिनी छबीला घेऊन परत आली, तेव्हा तिला हा नवा दगड दाखवायचं कुणाच्या ध्यानात आलं नाही. थोड्याच दिवसांत छबीच्या अंगावर चट्टे उठले. मांडीतली कातडी केळीच्या सालीसारखी सुटायला लागली. शिरूरच्या डॉक्टरनं मलम दिलं आणि म्हणाला, पाणी बदला. पाणी कुठून बदलणार? आई एका सकाळी चुलीपाशी म्हणाली, "कौसल्ये, देवाला नारळ फोडून ये. म्हणावं, लेकराला मोकळं कर." आईच्या मनात निंबाखालचा वाघोबा. वहिनीच्या मनात काय होतं ते सांगायला ती उरली नाही. पण मला कळतं. लेकरू तळ्याच्या पाण्यानं आजारलं होतं, आणि आपण माहेरी असताना या माणसांनी तळ्याच्याच वाटेवर नवा देव बसवलाय, ताज्या शेंदराचा. हाच पाण्याचा देव. तिच्या जागी दुसरी कुणी बाहेरची सून असती तर तीही तिथंच गेली असती.

मी सुट्टीला घरी होते. लाल बावटा नव्हता. आम्ही तोंडं मिटून होतो.

आवाज आला तेव्हा दारातली कोंबडी उडून पत्र्यावर आपटली. धूर तळ्याकडून उठला. आम्ही धावलो. पुढचं मी थोडक्यात सांगते. वहिनीचे पाय होते. बाकी जे हाती लागलं ते आईनं तिच्या लुगड्यात गोळा केलं. बाभळीला हिरवा चुडा लटकत होता. आणि सगळीकडं पांढरे तुकडे उडालेले. मला आधी वाटलं हाडं आहेत. उचलून बघितलं तर खोबरं होतं.

दुसऱ्या दिवशी माती देऊन आलो आणि दादानं आबांचा गळा धरला. दोन्ही हातांनी धरून त्यांचं डोकं दाराच्या मेढीवर आपटलं. "तू मारलंस तिला! तुझ्या शेंदरानं मारलंस!" आबांनी हात वर केला नाही. रक्त डोळ्यात गेलं तरी पुसलं नाही. आई किंचाळत होती, माणसं दादाला ओढत होती आणि तो हलत नव्हता. शेवटी मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले, रक्त येईस्तोवर, तेव्हा सुटला. ती खूण अजून त्याच्या हातावर आहे. आबा मेढीला टेकून बसले आणि म्हणाले, "मार की. थांबलास का?"

तिसऱ्या दिवशी जीप आली. रेंजचे एक साहेब, दोन जवान आणि पोलीस ठाण्याचे हवालदार. पेपरात तोवर छापून आलं होतं: भंगार वेचताना स्फोट, महिला ठार. वहिनीच्या माहेरी आधी ते कात्रण पोचलं होतं, मग आमचा निरोप. तिचे वडील मातीलाही आले नाहीत. चोरी करताना मेलेल्या लेकीचं तोंड बघायला कसं यायचं, असं ते कुणाला तरी म्हणाल्याचं कळलं.

मला एकच गोष्ट पाहिजे होती, वहिनीच्या नावावरची ती चोरी पुसली जायला. वहिनी परत येणार नव्हती. पण छबी चोराची पोर म्हणून वाढू नये. भिल्लाला जन्मतःच हा शिक्का असतो, तो आणखी गडद कशाला?

साहेब बोलायला सभ्य होते. म्हणाले, "देखिए, बाउंड्री के बाहर कोई ज़िंदा गोला नहीं है। अंदर से उठाके लाई होगी।"

मी पुढं झाले. "तळं हद्दीच्या बाहेर आहे साहेब. तुमचेच दगड बघा. ती नारळ घेऊन गेली होती." मी ओच्यातलं खोबरं दाखवलं. करवंटीला शेंदूर चिकटलेला होता.

हवालदारांनी मला वरखाली बघितलं. "तू कोण गं?"

"तिची नणंद. बीएस्सी झालेय."

"अरं वा! मग पेढं कुठायत?" ते जवानांकडं बघून हसले. "आन् नारळाचं काय सांगती? भंगारवालं बी नारळ फोडूनच धंदा चालू करत्यात."

आई जमिनीवर बसली होती ती उठली. माती मुठीत घेतलेली. मला वाटलं ही आता हवालदारांच्या तोंडावर मारणार. पण तेवढ्यात दादा पुढं आला. कमरेला गोफण होती. ज्वारी राखताना पाखरं उडवायची, तीच.

"साहेब, भाईर काय न्हाई ना?"

"नहीं है।"

"मग या माझ्यासंगं." त्यानं ओढ्यापलीकडं बोट दाखवलं. हद्दीच्या पांढऱ्या दगडाच्या पुष्कळ अलीकडं, मोकळ्या माळावर, आबांचा एक जुना देव उभा होता. "त्यो दगुड हाय. त्याला नुसता हात लावून या. मी म्हणतो, माझी बायकू चोर. लिवा, अंगठा देतो."

साहेब हलले नाहीत. हवालदार म्हणाले, "ए, शानपणा नको."

"जावा की. शेंदूरच हाय. हाताला लागंल, धुऊन टाका."

कुणीच गेलं नाही. जवान एकमेकांकडं बघत राहिले. दादानं मग वस्तीकडं तोंड फिरवलं आणि आबा ओरडायचे तसं ओरडला, "आडवं व्हा समदं! त्वांड उघडा!" आम्ही विचार केला नाही. पोरासोरांसकट सगळी वस्ती मातीत पालथी पडली. दादा ओढ्यात उतरला, दरडीआड उभा राहिला आणि गोफण गरगरली.

पहिला धोंडा चुकला. दुसरा देवाच्या अंगावर बसला, शेंदराची ढलपी उडाली, बाकी काही नाही. हवालदार खोकल्यासारखं हसले. "झालं का नाटक? चल ये भाईर."

तिसरा देवाच्या बुडाशी बसला आणि माळ उठला.

आकाश मातीनं भरलं. कानात शिट्टी. जीपच्या काचा खळकन खाली आल्या, बॉनेटमध्ये हातभर लोखंड घुसून उभं राहिलं. हवालदार टायरापाशी पोटावर पडले होते, टोपी एकीकडं, दोन्ही कान दाबून, दात आवळून. मी मातीतूनच त्यांना ओरडले, "तोंड उघडा! तोंड उघडा!" त्यांनी उघडलं. ते तोंड उघडलेलं मी बघितलं आणि मला हसू आलं. वाईट हसू होतं ते. आवरेना.

दादा दरडीवर चढला. कानातून रक्त. गोफण खाली टाकून त्यानं हात पुढं केले. "घ्या, बांधा. पर लिवा आता. भाईर हाय म्हणून लिवा."

त्याला नेलं, ठेवलं, मारलं आणि सोडलं. डाव्या कानानं तो आता ऐकत नाही. पण त्या दिवसानंतर माझ्या वहिनीला कुणी चोर म्हटलं नाही. साहेबांनी स्वतः लिहून दिलं की जिवंत गोळा हद्दीबाहेर होता.

आम्ही जिंकलो. आणि जिंकल्यावर काय झालं ऐका. हद्दीबाहेर गोळे आहेत हे कबूल झालं, म्हणजे वस्तीची जागा धोक्याची ठरली. माणसांनी राहायच्या लायक नाही. जागा साफ करा असं आम्ही म्हणत होतो. त्यांनी माणसं साफ केली. पोलीस आले, पत्रे उतरवायला लावले, जो उतरवेना त्याचे त्यांनी ओढून पाडले. चुलत्यानं थोट्या हातानं दार धरून ठेवलं तर दारासकट त्याला उचललं. पाणी भरता येऊ नये म्हणून तळ्यात त्यांनी काटेरी तारेचं वेटोळं टाकलं. आणि आमच्या दारात टेम्पो उभा राहिला.

देवाला तिथंच ठेवून आबा निंबापासून चालत आले तेव्हा मी त्यांना विचारलं, वाघोबाचा काय गुन्हा? आबा म्हणाले, "सुमे, देवाला आन् झोपलेल्याला, दोन्हीला मी एकच रंग दिला. आता कुठल्या त्वांडानं हात लावू?"

टेम्पो राहूला गेला. दुसरीकडं कुठं जाणार? वहिनीच्या वडिलांच्या, म्हणजे मामांच्या, दारात आम्ही उभे. ज्यांची लेक आमच्या घरात मेली त्यांच्याच दारात, शेळ्याकोंबड्यांसकट. आबा खाली उतरेनात. मामा गुऱ्हाळावरून आले, हातापायाला मळी, टेम्पोकडं बघत राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, माझी लेक गेली. तुम्ही तर जित्तं हायसा न्हवं? मग उतरा खाली."

सामान उतरल्यावर त्यांनी मला एकटीला बाजूला घेतलं. "सुमन, तू शिकलेली हायस. मला बरं वाटावं म्हणून बोलू नगंस. भंगाराला गेलती का गं ती?"

"नाही मामा. नारळ घेऊन गेली होती. छबीसाठी."

ते खाली बसले. बराच वेळ बोटानं मातीत रेघा ओढत होते. मग म्हणाले, "तिला लहानपणापास्नं नारळ नीट फोडता यायचा न्हाई. दोनदोनदा आपटायची." आणि तिथं पहिल्यांदा रडले.

आता राहूकडं आमची चार-पाच घरं आहेत, नदीच्या अंगाला. आबा एका बागायतदाराचा ऊस राखतात. दादा गुऱ्हाळावर चुलाणात जाळ घालतो. एक कान गेल्यामुळं त्याला तिथला गोंगाट कमी लागतो. पाणी गोड आहे. छबीचे चट्टे गेले, डाग राहिले. मी एमआयडीसीतल्या खोलीवरून सुट्टीला जाते. लोक विचारतात, गाव कुठलं? सांगण्यात माझी पंचाईत होते. निंब असेल अजून, वाघोबा असेल, पण तिथं जायला बंदी, आणि जाऊन काय बघायचं ते मलाही ठाऊक नाही.

मध्यंतरी कंपनीत नवी मशीन आली. पूजा झाली, मॅनेजर साहेबांनी नारळ वर केला. सगळे खोबऱ्यासाठी पुढं सरकले. मी मागं सरले, नेहमीसारखी, तोंड उघडून. आणि बघते तर कॅन्टीनमधली एक कंत्राटी बाई, भिंतीला पाठ लावून उभी, तिचंही तोंड उघडं. नारळ फुटल्यावर आम्ही एकमेकींकडं बघितलं. मी विचारलं, "कुठली गं तू?" ती म्हणाली, "माळाच्या पल्याडची. तुम्ही अल्याडच्या का?" माझ्या गावचा पत्ता त्या दिवशी मला सापडला, असं म्हणा.

यंदा गुऱ्हाळ चालू करायच्या दिवशी मी राहूत होते. चुलाणाची पूजा असते, पहिल्या जाळाआधी नारळ फोडतात. मालकांनी कौतुकानं छबीच्या हातात नारळ दिला. शाळेत जाते आता. आम्ही सगळे, आई, आबा, दादा, चुलता, न ठरवता मागं सरलो. गुऱ्हाळावरचे भय्ये आमच्याकडं बघून हसायला लागले. एक म्हणाला, "अरे, सब मुँह खोलके क्यों खड़े हैं? नारियल है, बम थोड़ी है!"

छबीनं मागं वळून आम्हाला बघितलं. मग त्याला म्हणाली, "माझी आई नारळ फोडतानाच गेली." मोठ्यानं म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल असं. तिला हे सगळं मीच सांगितलंय, काही न लपवता. तिच्या आवाजात लाज नव्हती. भय्याचं हसू विरलं.

तिनं नारळ दगडावर आपटला. फुटला नाही. मामा पुटपुटले, "आईवर गेलीया." तिनं पुन्हा उचलला. आणि तोवर मी बाजूनं फिरून तिच्या समोर आले होते म्हणून मला दिसलं. माळ तिला आठवत नाही. लाल बावटाही आठवत नाही. पण नारळ डोक्यावर गेला तेव्हा तिचं तोंड उघडलं होतं, आमच्यासारखंच.

नारळ फुटला. पाणी चुलाणाच्या मातीवर उडालं. छबीनं पहिला तुकडा काढला आणि सगळ्यांना ओलांडून, सगळ्यात मागं उभ्या असलेल्या आबांकडं गेली. वहिनी गेल्यापासून आबांनी खोबऱ्याला हात लावलेला नव्हता. आताही त्यांनी हात पुढं केला नाही. पण तिच्याकडं वाकलेलं त्यांचं तोंड अजून उघडंच होतं. छबीनं टाच वर करून त्यात तुकडा घातला, आणि आबांनी तोंड मिटलं.